घरी स्प्रे मारताना रंगाचं नेमकं काय होतं

मोटरसायकलचं साइड पॅनल मी पहिल्यांदा रंगवलं तेव्हा पहिली चार मिनिटं मी स्वतःवर जाम खूश होतो. रंग गुळगुळीत, ओला, आरशासारखा बसला होता. मग खालच्या कडेला एक थेंब जमला, शेजारी दुसरा, आणि बघता बघता मधला सगळा रंग पडदा सरकावा तसा सावकाश खाली आला. बोटाने सावरायला गेलो तर बोटाचा ठसा पक्का उमटला. तो ओघळ घासून काढायला मला आठवडाभर थांबावं लागलं, कारण वरून कडक दिसणारा थर नख रोवलं की आत मऊच लागायचा.

त्या आठवड्यात मी जे शिकलो त्याचं सार एवढंच, की रंगाला दोन गोष्टी लागतात. खाली धरायला काहीतरी, आणि आतला थिनर बाहेर पडायला वेळ. कुठल्या नंबरचा पॉलिश पेपर, किती अंतरावरून स्प्रे, दोन हातांमध्ये (म्हणजे रंगाच्या दोन थरांमध्ये) किती मिनिटं, असे जे असंख्य नियम सांगितले जातात ते जवळपास सगळे या दोनांतूनच निघतात. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा रंगाच्या बाजूने विचार केलेला बरा.

कॅनच्या आत

कुठल्याही रंगात मुळात तीन घटक असतात. पहिला पिगमेंट, म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड. दुसरा रेझिन, म्हणजे ही पूड धरून ठेवणारी आणि पत्र्याला चिकटणारी राळ. तिसरा थिनर, जो या दोघांना पातळ ठेवतो आणि काम झालं की उडून जातो. स्प्रे कॅनमध्ये चौथा घटक येतो: दाबाखाली द्रवरूपात कोंबलेला वायू, बहुतेक वेळा प्रोपेन-ब्यूटेन किंवा डायमिथाइल ईथर. बटण दाबलं की तो रंगाला नळीतून वर ढकलतो आणि नोझलबाहेर पडताक्षणी उकळून रंगाच्या चिंधड्या करतो. त्या चिंधड्या म्हणजेच स्प्रेचे बारीक थेंब. 1949 मध्ये अमेरिकेत एडवर्ड सेमूर याने आपला ॲल्युमिनियम रंग लोकांना दाखवायला सोपं जावं म्हणून तो असा दाबाच्या डब्यात भरला. कल्पना त्याच्या बायकोची होती. त्याआधी स्प्रे म्हटला की गन आणि कॉम्प्रेसर आलाच.

आता यातून काय निघतं बघा. वायू उकळायला उष्णता लागते आणि ती तो कॅनमधूनच ओढतो, म्हणून सलग दाबून धरलं की कॅन हातात गार पडतो. गार कॅनचा दाब कमी, दाब कमी की थेंब मोठे, आणि मोठे थेंब पडले की रंग खडबडीत. म्हणून थोडं मारायचं, हलवायचं, पुन्हा मारायचं. थंडीच्या दिवसांत कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवला तर थेंब चांगले बारीक पडतात. कोमट म्हणजे हात आरामात बुडवता येईल इतकंच. कॅनवर 50 अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं छापलेलं असतं, ते उगाच नाही. शेगडी, हीटर किंवा उन्हात बंद गाडी या कॅनसाठी बॉम्बच्या जागा आहेत.

आत खडखडणारी गोळी वाजायला लागली म्हणजे हलवून झालं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर तिथून सुरुवात होते. गोळी मोकळी झाली याचा अर्थ तळाशी बसलेला पिगमेंट सुटायला लागला. तिथून पुढे पूर्ण दोन मिनिटं घड्याळ लावून हलवायचं. दोन मिनिटं किती मोठी असतात ते दंडाला विचारा.

कॅनमधला रंग बारीक नोझलमधून जायला हवा म्हणून गनमधल्या रंगापेक्षा पातळ ठेवलेला असतो. म्हणून तो ओघळतो लवकर आणि झाकतो कमी. एका हातात काम उरकायचं मनात आणलं की माझ्या पॅनलचं झालं तेच होणार.

वन-के आणि टू-के

दुकानात हे दोन शब्द हमखास कानावर येतील. वन-के म्हणजे एका डब्यातला रंग: थिनर उडालं की राळ मागे राहते आणि रंग सुकतो. यातल्या लॅकर जातीत रासायनिक बदल फारसा होत नाही, त्यामुळे त्याच जातीचं थिनर पुन्हा लावलं तर सुकलेला रंग पुन्हा विरघळतो. टू-के म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन भाग. ते मिसळले की रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडून जाळं विणतात आणि पॉलियुरेथेनचा असा थर तयार होतो जो थिनरला सहसा दाद देत नाही. गाडीवर आधीचा रंग कसला आहे ते बघायचं असेल तर लपलेल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं थोडा वेळ चोळा. रंग फडक्यावर उतरला तर तो वन-के लॅकर, नाही उतरला तर बहुधा टू-के किंवा कारखान्यातल्या भट्टीत पक्का केलेला.

फरक पुस्तकी वाटतो, पण पेट्रोलच्या टाकीवर तो फार लवकर कळतो. मी एकदा टाकीला छान काळा रंग आणि वरून वन-के क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारला. पेट्रोल भरताना झाकणापाशी जरासं सांडलं, मी पुसलं, आणि फडक्याबरोबर क्लिअरही निघून आला. तिथे पांढुरका, सुरकुतलेला डाग राहिला. दोष पेट्रोलचा नव्हता. पेट्रोल स्वतःच एक सॉल्व्हंट आहे आणि मी त्याच्यासमोर विरघळणारा थर ठेवला होता.

मग सरळ टू-केच का वापरू नये? कारण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. ते घातक प्रमाणात हवेत असलं तरी वास येईलच असं नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंदिस्त खोलीत, काम करणारे लोक त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क घालतात. टू-केचे स्प्रे कॅनही मिळतात. तळाची पिन दाबली की हार्डनर आत मिसळतो आणि मग एक-दोन दिवसांत कॅन संपवावा लागतो, नाहीतर आतच घट्ट होतो. हे कॅन सहज हाताशी येतात म्हणून त्यातलं आयसोसायनेट सौम्य होत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी टू-के घरी मारूच नये. टाकी रंगवायचीच असेल तर प्रायमरपर्यंतची घासघीस स्वतः करा आणि पुढचा रंग व क्लिअर बूथ असलेल्याकडून एकाच जातीचा मारून घ्या. मेहनतीचा मोठा भाग तरीही तुमचाच राहतो.

वन-के निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. थिनरच्या वाफा डोकं जड करतात आणि आग चटकन धरतात. धुळीसाठीचा कापडी मास्क वाफ अडवत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, वर थेंब अडवणारी गाळणी असलेला. मास्क लावूनही रंगाचा वास येऊ लागला तर कार्ट्रिज संपलं आहे किंवा मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नाही. कॅनमधला वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून जवळ पेटती शेगडी, गिझरची ज्योत, ठिणगी पाडणारा ग्राइंडर काहीही चालू नको. बाकी नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि वाहती हवा.

पहिला भाग कोणता

आरशाचं कव्हर, साइड पॅनल, छोटं मडगार्ड. हातात धरून फिरवता येईल असं काहीतरी. बॉनेट किंवा कारचं दार घेऊ नका: मोठा सपाट पृष्ठभाग प्रत्येक चूक उजेडात मांडतो, आणि कॅनचा पट्टा इतका अरुंद असतो की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं सुकलेलं असतं. रंगांत साधा पांढरा किंवा राखाडी बरा. चकचकीत काळा सगळ्यात चुगलखोर. मॅट रंग सोपा असं वाटतं, पण त्यात एक गोम आहे. चकचकीत रंगावर पडलेला धुळीचा कण नंतर घासून पॉलिश करता येतो; मॅट घासला की तिथेच चकाकी येते, म्हणजे दुरुस्तीची वाटच बंद.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, हे सांगायला नको. चाक रंगवताना हबला टेकणारा भाग आणि नट बसतो ती जागा झाकून ठेवायची, कारण नटाखाली रंगाचा थर दबत जातो आणि कसलेला नट ढिला पडतो. हेल्मेटही नको: रंगातलं थिनर कवचाचं प्लास्टिक आतून कमजोर करू शकतं आणि ते वरून दिसत नाही. नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेला असेल तर बंपरवरचा जाड किंवा मेटॅलिक थर त्याच्या आड येऊ शकतो, तिथे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय हात घालू नये.

धरायला जागा करणं

आता खरं काम. यात नव्वद टक्के वेळ जातो असं सगळे म्हणतात आणि तरी प्रत्येक जण पहिल्यांदा ते घाईत उरकतो. मीही.

सगळ्यात आधी धुणं, मग ग्रीस काढणं, आणि मगच पेपर. क्रम उलटा केला तर पेपर तेल आणि मेण चऱ्यांत रगडून बसवतो आणि मग ते सहजी निघत नाही. ग्रीस काढायला ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फडकी दोन. एका फडक्याने पृष्ठभाग ओला करायचा, दुसऱ्या कोरड्याने तो उडायच्या आत टिपून घ्यायचा. एकाच फडक्याने पुसत राहिलं की तेल विरघळतं, सगळीकडे पसरतं, सॉल्व्हंट उडून जातं आणि तेल मूळ जागेपेक्षा मोठ्या जागेवर बसतं.

यातला सगळ्यात हट्टी शत्रू सिलिकॉन. टायर-डॅशबोर्ड चमकवणाऱ्या बऱ्याच स्प्रेंमध्ये तो असतो. ओला रंग सिलिकॉनच्या कणापासून चहूबाजूंनी मागे सरतो आणि मध्ये उघडं टिंब असलेला गोल खड्डा उरतो. पेंटर याला फिश आय म्हणतात. वरून आणखी रंग मारून हे खड्डे बुजत नाहीत, फक्त कडा जाड होतात. सुकू देऊन, घासून, पुन्हा धुण्यावर यावं लागतं. जिथे रंग मारायचा तिथे असले चमकीचे स्प्रे वापरूच नका, शेजारच्या गाडीवरसुद्धा नाही; त्याचे कण हवेतून येतात.

धुतलेल्या पत्र्यावर पाणी ओतून बघा. पाणी सलग पातळ चादरीसारखं पसरलं तर स्वच्छ. कुठे आखडून थेंब झाले तर तिथे अजून काहीतरी चिकटलेलं आहे.

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. गंज खरवडायला 80, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि जुन्या रंगाच्या कडा उतरवायला 180 ते 240, प्रायमरखाली 320 ते 400, रंगाखाली 600 ते 800. पायऱ्या गाळायचा मोह होतो: 80 चे चरे आहेत, वर रंग आला की भरतीलच की! मारल्याबरोबर ते भरतातही. पण ओल्या थराचा बराचसा भाग थिनर असतो. चऱ्यात रंग जास्त साठलेला, म्हणून तिथून थिनरही जास्त उडतं, आणि थर तिथेच जास्त खाली बसतो. आज आरशासारखं दिसणारं काम दोन आठवड्यांनी चऱ्यांची रांगोळी दाखवतं ती यामुळे. उलट रंगाखाली फार गुळगुळीत करणंही चुकीचं, कारण मग धरायला काही उरत नाही. पेपरचं काम चमक आणणं नसून रंगाला पकडायला बारीक दाते पाडणं आहे. घासून झालेला भाग सगळीकडे सारखा मंद दिसायला हवा. कुठे चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे रंग उद्या पापुद्र्यासारखा सुटणार.

जिथे जुना रंग उडालेला आहे तिथे कडेला एक पायरी असते, जेमतेम कागदाच्या जाडीएवढी. कारखान्यातले सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांएवढे. तरी ही पायरी चकचकीत रंगाखाली नकाशातल्या किनाऱ्यासारखी उठून दिसते. ती हळूहळू उतरती करायची, इतकी की थरांची वर्तुळं रुंद पसरलेली दिसतील. डोळे इथे फसवतात. डोळे मिटून तळहात सावकाश फिरवा. बोटांना पायरी कळली तर ती अजून आहे. (मग हाताचं तेल लागलं म्हणून पुन्हा एकदा पुसा. हो, पुन्हा.)

गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढायचा. वर रंग मारून गंज थांबत नाही, तो रंगाखाली पसरत राहतो आणि सहा महिन्यांनी फुगवटे उठवतो. लांबी भरलीच तर ती कोरडीच घासा; पॉलिस्टर लांबी पाणी पिते आणि ते पाणी पत्र्यापर्यंत नेऊन ठेवते.

प्लास्टिकचं गणित वेगळं. भागाच्या मागे साच्यातच उठवलेली अक्षरं असतात: एबीएस, पीपी, किंवा पीपी आणि ईपीडीएम (एक रबर) यांचं मिश्रण. एबीएसला रंग बरा धरतो, फक्त तिखट थिनरचा जाड हात दिला तर त्याला बारीक तडे जातात. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ज्याचे बरेच बंपर असतात, त्याला सहसा काहीच चिकटत नाही, ना गोंद ना रंग. त्यावर आधी प्लास्टिकसाठीचा पारदर्शक ॲडहिजन प्रमोटर (पकड वाढवणारा थर) मारायचा आणि कॅनवर दिलेल्या वेळेत पुढचा हात द्यायचा. हे टाळलेला बंपर पहिल्याच प्रेशर वॉशमध्ये चादरीसारखा सोलून निघतो.

मग प्रायमर. उघड्या धातूवर, खासकरून ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मुलाम्यावर, एच (etch) प्रायमर. त्यातलं सौम्य आम्ल धातूला किंचित खाऊन पकड करतं. गंजापासून आडोसा हवा तर इपॉक्सी, पण तोही बहुतेक दोन भागांचा. बारीक चरे भरायला फिलर प्रायमर, तो जाड बसतो आणि छान घासला जातो, मात्र सच्छिद्र असतो, त्यामुळे नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात फिरवणं म्हणजे स्पंज लावून फिरणं. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ, लांबून एक फवारा मारा आणि मग 600 चा पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासा. जिथे काळे ठिपके राहतात तिथे खड्डा, जिथे प्रायमर पटकन निघून जुना थर डोकावतो तिथे उंचवटा. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते पाच मिनिटांत नकाशासारखं समोर येतं. सगळ्या कामात मला आवडणारा भाग हाच आहे.

हवा

पावसाळी, दमट दिवशी रंग मारू नका. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पत्रा गार पडतो, आणि हवेत ओल जास्त असली तर ती त्यावर दंवासारखी बसते. रंगात अडकलेल्या त्या ओलीने लॅकर दुधाळ दिसतं. हलका दुधाळपणा कोरड्या हवेत थोडं थिनर किंवा विरळ हात मारून कधी कधी जातो, भरवसा नाही. भर उन्हातही नको: वर लगेच साय धरते, खालचं थिनर कोंडतं आणि बाहेर पडताना सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. सावली, 20 ते 25 अंशांच्या आसपास, वारा नाही पण हवा खेळती. धुळीसाठी जमिनीवर पाणी शिंपडा, आणि अंगात लोकरीचं काही घालू नका.

हात चालवणं

कॅन पृष्ठभागापासून 20 ते 25 सेंटिमीटर. पसरलेल्या पंज्याच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, म्हणजे एक वीत, जेमतेम तेवढं. जवळ आलात तर एका जागी रंग जास्त पडून ओघळ. फार लांब गेलात तर थेंब वाटेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभागावर पुडीसारखे, खरखरीत बसतात.

बटण भागाच्या बाहेर दाबायचं, हात भागावरून पलीकडे न्यायचा, बाहेर गेल्यावर सोडायचं. पहिला थुंकलेला मोठा थेंब आणि वळताना थबकलेला हात, दोन्ही हवेत जातात. मनगट वळवून पंख्यासारखं मारायचं नाही, कारण मध्ये अंतर कमी आणि टोकांना जास्त होतं. हात खांद्यापासून सरळ रेषेत सरकवायचा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर. कडा आणि खाचा आधी, सपाट भाग नंतर. आधी पुठ्ठ्यावर चार पट्टे मारून बघा, तिथे वेग कळतो.

पहिला हात रंग झाकायचा नसतोच. विरळ धुकं, खालचा प्रायमर स्पष्ट दिसेल असं. दहा मिनिटांनी ते चिकटसर होतं आणि पुढचा ओला थर धरून ठेवायला खडबडीत जमीन तयार होते. माझ्या पहिल्या पॅनलवर ही पायरीच नव्हती. मग दोन-तीन मध्यम हात, प्रत्येकामध्ये कॅनवर लिहिलेली मिनिटं, बहुतेक दहा ते पंधरा. या मिनिटांत काही घडताना दिसत नाही, पण तेव्हाच थिनर बाहेर पडत असतं. अजून ओलं असताना वर दुसरा थर टाकला तर त्याची वाट बंद होते. सुकलं का ते भागाला बोट लावून बघू नका, शेजारच्या मास्किंग टेपवर बघा.

उलट बाजूची चूकही आहे. इनॅमल जातीच्या रंगात (एका डब्यातलाच, पण थिनर उडाल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पक्का होणारा) ठरावीक वेळेत पुढचा हात दिला नाही तर पुढे काही दिवस द्यायचाच नसतो. अर्धवट पक्का झालेला थर नव्या थिनरने फुगतो आणि कागद भिजून आखडावा तशा सुरकुत्या पडतात. कॅनवरची ही ओळ बारीक अक्षरात असते आणि बहुतेक जण ती सुरकुत्या पडल्यावर वाचतात.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते आडवे पडले तर रंग उजळ, उभे-तिरके पडले तर काळपट. ओल्या जाड थरात ते तरंगत एकत्र येतात आणि ढगासारखे पट्टे दिसतात. म्हणून शेवटचा हात थोडा लांबून, विरळ, सगळीकडे सारखा. रंगाचा कोड सहसा दाराच्या चौकटीत किंवा ओळखपट्टीवर मिळतो, पण कोड जुळला तरी पाच वर्षं ऊन खाल्लेल्या पत्र्याशी नवा रंग तंतोतंत जुळेलच असं नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आणि क्लिअर मारून तो गाडीशेजारी उन्हात आणि सावलीत धरून बघा, आधी.

बेस कोट सुकल्यावर निस्तेज दिसतो. घाबरू नका, त्याची चमक क्लिअरमधून यायची असते. क्लिअर रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही सांभाळतो. दोन-तीन हात, आणि यातला शेवटचा जरा ओला. किती ओला हे कॅनकडे बघून कळत नाही. बाजूने वाकून पृष्ठभागात उमटलेलं दिव्याचं प्रतिबिंब बघत राहा. प्रतिबिंबाची कड फुटकी, दाणेदार असेल तर रंग कमी पडतोय, सुकून संत्र्याच्या सालीसारखा होईल. कड गुळगुळीत जुळली की त्या क्षणी हात पुढे न्यायचा. एक सेकंद जास्त थांबलात की ती कड खाली वाहायला लागते. ओघळ आलाच तर हात मागे घ्या. बोट, ब्रश, फडकं काही नाही.

माशी बसली तरीही नाही. पाय चिमट्याने नंतर निघतात.

नंतर

मास्किंग टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत, स्वतःवरच दुमडत हळू ओढायची. पूर्ण सुकल्यावर ओढली तर कडेचा रंग चतकोर-चतकोर सोबत घेऊन येते. कॅनमध्ये रंग उरला असेल तर तो उलटा धरून फक्त वायू येईपर्यंत बटण दाबा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल बंद.

हाताला कोरडं लागणं आणि आतून पक्कं होणं यात दिवसांचं अंतर आहे. वन-के रंग तासाभरात धरता येतो, पण नाक जवळ नेलं तर वास येतो, आणि वास येतोय तोवर थिनर अजून निघतंय. वास पूर्ण गेल्याशिवाय, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, मी पेपर लावत नाही. मग ओघळ आणि धुळीचे कण 1500 च्या पाण्याच्या पेपरने ठोकळ्यावर, साबणाचं पाणी घेत, 2000 ने तेच, आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. कडांवर पेपर नेऊ नका. तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा रंग उघडा पडतो. कडेला चिकटपट्टी लावून घासणं मी त्या एका कडेनंतर शिकलो.

पॅनल परत बसवताना स्क्रू एकदम आवळू नका. वॉशरखाली रंग अजून मऊ असेल तर तो चेपून बाहेर सरकतो, वॉशरला चिकटतो आणि पुढच्या वेळी उघडताना गोल चकती उचलून आणतो. आधी हाताने फिरवून बसवा, पाना आठवड्याने.